थोडं गोरं करून द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपूरच्या महाल भागात आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी १९७६ साली सुरू केला, १९९८ पासून मी चालवतो. पासपोर्ट, आयकार्ड, लग्नाच्या बायोडेटाचे फोटो आणि शाळांचे वर्गवार ग्रुप फोटो यांवर आमचं घर चालतं. हे पत्र माझ्या नऊ वर्षांच्या मुलीबद्दल आहे. तिचं नाव लिहीत नाही आणि माझंही छापू नये ही विनंती, कारण तिच्या शाळेतल्या बऱ्याच घरी तुमचाच पेपर येतो.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवसांनंतर ती शाळेच्या व्हॅनने नेहमीसारखी स्टुडिओत आली. सौ. नोकरीवर असते, म्हणून संध्याकाळपर्यंत पोरगी माझ्याजवळच, कॉम्प्युटरशेजारच्या स्टुलावर. मी तेव्हा एका मुलीचा बायोडेटाचा फोटो करत होतो. मुलगी इंजिनिअर, रंगाने काळी, चेहरा बोलका. ती खुर्चीत गप्प बसलेली आणि तिची आई माझ्या खांद्यामागे उभी राहून सांगत होती, ‘दादा, थोडं गोरं करून द्या. अजून थोडं. अजून.’ मी करत गेलो. नाकाची कड पुसट झाली, हनुवटीखालची सावली गेली, चेहऱ्यावर पीठ चोपडल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा आई म्हणाली, ‘हां, आता बरोबर.’ मुलीने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. पैसे देऊन दोघी गेल्या.

माझी पोरगी म्हणाली, ‘बाबा, मला पण एवढं करा ना.’

‘कशाला गं?’

‘आयकार्डवर लावायला. मग मला मारबत नाही म्हणणार.’

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. मोठमोठे पुतळे, पुढे-मागे बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, आणि हजारो लोकांची एकच आरोळी, ‘ईडापीडा, रोगराई घेऊन जाऽ गे मारबत!’ मी कॉलेजात असल्यापासून दरवर्षी इतवारीत उभा राहून तिचे फोटो काढतो. ही आमच्या शहराची परंपरा आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण गेल्या वर्षी मारबतीनंतर व्हॅनमधून माझी पोरगी उतरायला उठली की पोट्टे ओरडायचे, ‘काळी मारबत चालली, घेऊन जाऽ गे मारबत!’ दोन दिवस चाललं होतं. तिने घरी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मी तिला जवळ घेतलं आणि जे सगळे म्हणतात तेच म्हणालो. ‘अगं, रंगानं काय होतं? मन चांगलं पाहिजे.’ ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे रंग चांगला नाही, मन चांगलं आहे?’

संपादक महोदय, माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने माझ्या वाक्याचा बरोबर तोच अर्थ लावला होता जो त्या वाक्यात होता. मी स्वतः काळा आहे. शाळेत ‘काळ्या’ हेच माझं नाव होतं. मला ते लागत नाही असं मी पन्नाशीला येईपर्यंत समजत होतो.

आता आमच्या धंद्याचं सांगतो, कारण ते मला माहीत आहे. लोक म्हणतात मोबाइलच्या फिल्टरने पोरांना बिघडवलं. मोबाइल तर काल आला. वडील ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर काम करायचे तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग होत असे. निगेटिव्हवर एक पातळ द्रव लावायचा, म्हणजे शिसं धरतं, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलने, भिंग लावून, बारीक बारीक रेघा चढवत जायच्या. निगेटिव्हवर जिथे शिसं चढतं तिथे प्रिंट उजळते. काळ्या शिशाने आम्ही लोकांना गोरं केलं. एका चेहऱ्याला अर्धा-पाऊण तास लागायचा. वडिलांचा हात इतका साफ होता की लग्नाळू मुलींचे बाप भंडाऱ्याहून, उमरेडहून यायचे. हा त्यांचा नावलौकिक होता आणि मी तो हुनर म्हणून शिकलो. त्यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. फक्त ज्या मुलीचा तो फोटो असायचा, तिला काय वाटत असेल हे आम्ही कधी विचारलं नाही. ते गोरेपणाचं प्रसिद्ध क्रीम १९७५ साली बाजारात आलं, आमचा स्टुडिओ १९७६ साली. दोघांचं गिऱ्हाईक एकच होतं.

घरात तरी वेगळं काय होतं? पोरगी जन्मली तेव्हा रंगाने उजळ होती. बहुतेक बाळं जन्मताना उजळच असतात, रंग पुढच्या काही महिन्यांत भरतो. बघायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी बाळाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून उलटी केली, मागे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हं, रंग टिकायचा नाही.’ चार दिवसांच्या लेकराच्या कानामागचा रंग! तिच्या मोठ्या भावाचा रंग आईचा, हिचा माझा. पाहुणे आले की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘हा आईवर गेला, ही बापावर.’ दुसरं वाक्य, ‘नाकीडोळी नीटस आहे हो, रंगानंच तेवढी डावी.’ हे तिच्यासमोर. पोरांना कळत नाही असं मोठ्यांना का वाटतं, देव जाणे.

सौ.च्या गरोदरपणात शेजारच्या काकूंनी केशराचं दूध सुचवलं, ते ठीक. पण त्या असंही म्हणाल्या की सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घेऊ नको, बाळ काळं होतं. ही समजूत आपल्याकडे अजून जिवंत आहे. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्यावरून कोणीतरी बाळाचा रंग जोडला असावा. बाळाच्या रंगाशी गोळीचा काडीचा संबंध नाही. तो आईबापाकडून आलेल्या अनेक जनुकांच्या मेळावर ठरतो, म्हणूनच एकाच आईची दोन लेकरं दोन रंगांची निघतात. गोळी न घेतल्याने आईच्या अंगातलं रक्त मात्र खरंच कमी होतं. सौ.ने गोळ्या घेतल्या. पण किती जणी घेत नसतील!

आणि माझी आई, जिच्यावर माझा जीव आहे, तीच नातीला दुपारी चारला मैदानावर जाऊ देत नव्हती. पोरगी रेशीमबागच्या बाजूला खो-खोला जायची, पळण्यात चांगली. आजी म्हणायची, ‘उन्हात नको जाऊ, आणखी काळी पडशील.’ आपल्या नागपूरचं ऊन काय सांगावं, मे महिन्यात पारा ४५-४६ पर्यंत जातो, ऊन लागून माणसं दगावतात. उन्हाची भीती खरी आहे. तेव्हा पाणी पिऊन जा, टोपी घाल, चारऐवजी साडेपाचला जा, हे सांगणं बरोबर. पण आमच्या घरात ‘ऊन लागेल’ कोणी म्हणत नव्हतं, ‘काळी पडशील’ म्हणत होतं, तेही फक्त मुलीला. भाऊ दिवसभर क्रिकेट खेळून येतो. हिने खो-खो सोडला तेव्हा मी म्हटलं, आवड उतरली असेल.

शाळेचंही सांगतो. कुठलीही एक शाळा डोळ्यांसमोर आणू नका, मी वीस-पंचवीस वर्षांत अनेक शाळांचे ग्रुप फोटो आणि स्नेहसंमेलनं काढली आहेत. स्टेजवर परी, राजकुमारी, राधा, भारतमाता कोणाला करतात आणि राक्षसाच्या सैन्यात, झाडाच्या सोंगात कोणाला उभं करतात, हे माझ्या हार्ड डिस्कवर वर्षवार पडलेलं आहे. पाहुण्यांना ओवाळायला ताट घेऊन उभ्या मुली बघा. बाई मनाने वाईट नसतात. त्यांना विचारलं तर म्हणतील, ‘हिचा आवाज चांगला आहे हो.’ काही वेळा खरंच असतो. पण दरवर्षी सगळे चांगले आवाज गोऱ्याच मुलींना कसे मिळतात? आणि यात मीही आहे. ग्रुप फोटोला मीच सांगायचो, ‘ह्या दोघींना मध्ये घ्या, त्याला जरा कडेला.’ एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचा हिशोब, सोपं जातं म्हणून. कडेला गेलेला तो मुलगा घरी फोटो घेऊन जातो आणि आई भिंतीवर लावते. वर्षानुवर्षं तो स्वतःला कडेलाच बघतो.

पोरगी मारबतीचं बोलली त्या रात्री झोप लागली नाही. मी बायकोला सगळं सांगितलं. तिने मला एक गोष्ट दाखवून दिली, जी मला कधी दिसली नव्हती. ती म्हणाली, ‘आपण सगळे तिच्याबद्दल बोलताना एक ‘पण’ घालतो.’ काळी आहे पण तरतरीत आहे. सावळी आहे पण केस किती छान. मी स्वतः म्हटलेलं आठवलं, ‘रंग सावळा आहे पण फोटोजेनिक आहे.’ आणि ‘काळी’ म्हणायचं टाळून आपण ‘सावळी’, ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’ असे शब्द शोधत बसतो. आजाऱ्याच्या खोलीत आजाराचं नाव घेत नाहीत तसं. लेकरू बघतं की आईबापालाही हा शब्द तोंडावाटे काढवत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट असलं पाहिजे. आम्ही ठरवलं, ‘पण’ बंद. आणि ‘काळी’ हा शब्द घरात सरळ वापरायचा, जसा केसांना वापरतो, डोळ्यांना वापरतो.

मुलीचे आईकडचे आजोबा, आबा, हिंगणघाटकडे कापूस करतात. दिवाळीत ती गेली होती. तिकडे शेतीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात, जुना शब्द आहे. ती परत आल्यावर मला सांगत होती, ‘आबा म्हणतात आपली काळी पाणी धरून ठेवते.’ आबांनी तिला मुद्दाम काही शिकवलं नव्हतं, ते जमिनीबद्दलच बोलत होते. पण तो शब्द तिने पहिल्यांदा कोणाच्या तोंडून प्रेमाने ऐकला, हे मला तिच्या सांगण्यावरून कळलं.

मारबतीचं काय करायचं हा प्रश्न होताच. मी तिला माझे जुने फोटो काढून दाखवले. काळी मारबत का काढतात त्याची गोष्ट सांगितली, की भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्याचा राग म्हणून लोकांनी ती सुरू केली असं जुने लोक सांगतात. म्हणजे राग फितुरीचा होता. तिने फोटो मागे-पुढे करून पाहिले आणि विचारलं, ‘पिवळीचं काय करतात मग शेवटी?’ मी म्हटलं, ‘तिलाही जाळतात.’ ‘मग ते व्हॅनमध्ये पिवळी मारबत कोणालाच का नाही म्हणत?’ हा प्रश्न मी व्हॅनवाल्या दादांना आणि वर्गशिक्षिकाबाईंना जाऊन विचारला. भांडायला गेलो नव्हतो. बाईंनी मुलांना बोलावून शिक्षा केली नाही, त्यांनी पूर्ण वर्गाला मारबतीची ही सगळी गोष्ट सांगायला लावली, माझ्या पोरीलाच. व्हॅनमधलं ओरडणं त्यानंतर थांबलं. एक पोरगा अजून म्हणतो कधी कधी. हे एका दिवसात मिटत नाही.

शास्त्राचं तिला एवढंच सांगितलं की आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या उन्हाच्या घातक किरणांपासून आतल्या पेशींना वाचवतात. काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या कातडीत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक त्या किती रंग तयार करतात यात. ‘म्हणजे माझ्यावाल्या जास्त काम करतात,’ ती म्हणाली. हे वाक्य तिने वर्गातही सांगितलं म्हणे.

आता मुख्य गोष्ट. एका रविवारी सकाळी शटर अर्धं खाली ओढून मी तिचा फोटो काढायला बसलो. आधी एक जुनी आठवण सांगतो, त्याशिवाय हे कळणार नाही. तरुणपणी मी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या बाहेर फोटो काढायचो. समोर पांढरा शुभ्र स्तूप, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन, अंगावर पांढरे कपडे आणि गावोगावहून आलेल्या लोकांचे रापलेले काळे चेहरे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं पांढरं बघून म्हणतं, उजेड फार आहे, कमी कर. मी पोरगा, मीटरचं ऐकायचो. स्तूप सुंदर यायचा, माणसाच्या जागी काळा गोळा. एका म्हाताऱ्या आजीने फोटो हातात घेऊन निरखून पाहिला आणि परत दिला. म्हणाली, ‘बाबू, यात माहा चेहरा कुठं हाय?’ वडिलांना सांगितलं तर ते रागावले. म्हणाले, मीटर चेहऱ्याजवळ ने, चेहऱ्यावर बघ. घुमट पांढरा फटक झाला तरी चालेल, ती बाई घरून इतक्या लांब आली आहे ती तिथे दिसली पाहिजे. बायोडेटाच्या फोटोवर पेन्सिल चालवणारे माझे वडीलच हे म्हणाले होते. दोन्ही त्यांच्याचकडून शिकलो, आणि धंद्यात पहिलंच जास्त वापरलं.

यात यंत्राचाही दोष आहे. कलर फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं एक कार्ड असायचं, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. १९५० च्या दशकापासून ते चालत आलं, त्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे मशिन बरोबर. मग काळ्या चेहऱ्यांचं काय? पुढे फिल्म सुधारली तीसुद्धा चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी तक्रार केल्यावर, की आमचे तपकिरी रंग नीट येत नाहीत. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ दुकानात नुसता बसून राहिलो होतो. आज बऱ्याच मोबाइलमध्ये ‘ब्यूटी’ नावाची सोय आपोआप सुरू असते आणि न विचारता चेहरा उजळवते. तुमच्या घरातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये ती एकदा तपासा आणि बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे.

तर त्या रविवारी. आमच्या स्टुडिओत नेहमी छत्रीचे दोन लाइट समोरून मारतात, मागे पांढरा नाहीतर आकाशी पडदा. त्यात काळा चेहरा सपाट आणि राखाडी येतो, मग आम्हीच म्हणतो रंगच तसा. मी पांढरा पडदा काढला, मागे गर्द हिरवा लावला. एक लाइट बंद केला, दुसरा मोठ्या कापडाआडून बाजूने आणला, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा शीट उभा केला. शाळेचा पांढरा शर्ट नको म्हटलं. तिने पेटीतून राणी कलरचा फ्रॉक आणला होता, जो ‘काळ्या पोरीला भडक रंग घालू नये’ म्हणून वर्षभर घडी घालून ठेवलेला होता. उजेड मोजायचं हातातलं मीटर तिच्या गालाला लावलं. ‘गार आहे,’ ती म्हणाली आणि हसली, तेव्हाच बटण दाबलं.

स्क्रीनवर फोटो उघडला. कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि गालाच्या उंचवट्यावर उजेडाची एक रेघ होती, बाजूला कातडीचा रंग भरदार, उबदार, कुठेही राखाडी नाही. काळ्या कातडीवर उजेड असा चमकतो, गोऱ्या कातडीवर तो पसरून जातो. हे सगळे चांगले फोटोग्राफर जाणतात, फक्त आपल्या गल्लीतल्या गिऱ्हाइकासाठी कोणी वापरत नाही. तिने माउस माझ्या हातून घेतला आणि फोटो मोठा करत करत गालापर्यंत आली. ‘बाबा, इथं उजेड बसलाय बघा.’ मग विचारलं, ‘तुम्ही काय केलं?’ मी म्हटलं, ‘काहीच केलं नाही. लाइट नीट लावला.’ तिला खरं वाटेना. तिने मला प्रोग्रॅममध्ये मागे जाऊन ओरिजिनल दाखवायला लावला. तोच होता.

मग मी कपाटातून वडिलांच्या वेळची बटर पेपरची पाकिटं काढली आणि एक निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली. एका नवरीचा फोटो. निगेटिव्हवर नवरीचा गोरा चेहरा काळा आणि काळे केस पांढरे. पोरगी दहा मिनिटं एकेक निगेटिव्ह लाइटला लावून ‘हा गोरा, ही काळी, ही गोरी’ करत बसली. आजोबांच्या पेन्सिलच्या रेघाही तिने भिंगातून पाहिल्या. ‘एवढं काम केलं आजोबांनी?’ एवढंच म्हणाली.

क्रीमबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. क्लोज-अप काढताना मला कातडी दिसते. गेली काही वर्षं ओळखता येतं की ही मुलगी मलम लावते आहे. गाल लालसर, कातडी पातळ, आतल्या बारीक शिरा दिसतात, वर पुटकुळ्या आणि बारीक लव. ती लाली कॉम्प्युटरवरही निघत नाही. ही स्टेरॉइडची मलमं, मूळची इसबासारख्या आजारांची, लोक गोरं व्हायला लावतात. सुरुवातीला उजळ वाटतं, सोडलं की आग होते, म्हणून परत लावतात. २०१८ साली सरकारने नियम केला की अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आजूबाजूला पाहा, विकली जातात की नाही. पारा असलेली बिनलेबलाची क्रीमं त्याहून वाईट, कारण पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडावर उतरतो. आपल्याच विदर्भात, अकोल्यात, एका घरातल्या आई आणि दोन मुलींना असंच क्रीम लावून मूत्रपिंडाचा त्रास झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती, मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा सापडला. पोरीच्या तोंडाला काही लावायचंच असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, तिथे दाखवता येतं.

एक गोष्ट लिहावी की नाही, विचार करत होतो. रंगावरून आपल्याकडे जात ओळखायची सवय आहे. ‘कोणत्या समाजाची?’ हा प्रश्न काळ्या मुलीलाच आधी विचारतात. गोऱ्या मुलीला आडनाव विचारतात, तेही उशिरा. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ घडला त्या शहरात हे चालतं, याची मला लाज वाटते. रंगाचा विषय मुलांशी बोलायचा तर हेही कधीतरी बोलावं लागेल. माझी अजून नऊच वर्षांची आहे. मी तयारी करतो आहे.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या रविवारच्या वधू-वर पानावर मी पेन घेऊन बसलो आणि ‘गोरी’, ‘उजळ’, ‘गौरवर्णी’ या शब्दांभोवती गोल केले. पान गोलांनी भरलं. जाहिराती तुम्ही लिहीत नाही, लोक देतात, हे मला कळतं; मलाही लोकच सांगतात, थोडं गोरं करून द्या. पण जाहिरातदारांच्या मानक परिषदेने २०१४ सालीच ठरवलं आहे की काळी माणसं दुःखी, कमनशिबी, नोकरी-लग्नाला नालायक असं जाहिरातीत दाखवायचं नाही. २०२० साली त्या मोठ्या क्रीमने नावातून ‘फेअर’ काढलं, आणि त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगावरून स्थळं गाळण्याची सोय बंद केली. तुमचा पेपर एवढंच करू शकतो की जाहिरात घेताना रंगाचा शब्द छापायचा नाही. उंची छापा, शिक्षण छापा, शेती छापा. लहान जाहिरातींचा एक शब्द कमी झाला तर तुमचं उत्पन्न बुडणार नाही. त्या पानावर माझी पोरगी चित्रकोडं सोडवते, मागच्या बाजूला असतं म्हणून.

मुख्याध्यापकांना आणि स्नेहसंमेलनाच्या बाईंनाही सांगावंसं वाटतं, यंदा कामं वाटताना यादी झाली की एकदा फक्त चेहरे समोर आणून बघा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, लाइट बाजूने लावा.

दुकानात मी आता काउंटरवर पाटी लावली आहे, ‘फोटो नीट काढून मिळेल. गोरा करून मिळणार नाही.’ बायोडेटाची काही गिऱ्हाइकं गेली, खोटं कशाला सांगू. डाग, पुटकुळी, डोळ्याखालचा थकवा मी अजूनही काढून देतो. परवा एक बाप मुलीला घेऊन आले, पाटी वाचली, बाहेर गेले. पंधरा मिनिटांनी परत आले. मुलीनेच आणलं असावं, कारण आत येऊन खुर्चीत बसली तीच आणि म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही नीट म्हणता तसा काढा.’

माझी पोरगी पुन्हा खो-खोला जाते, साडेपाचला. आजी दारात बाटली घेऊन उभी असते, म्हणते, ‘पाणी पी गं, ऊन लागेल.’ मधूनच एखाद्या रात्री पोरगी विचारते, ‘बाबा, दादासारखी असते तर?’ तेव्हा मी ‘पण’ लावत नाही, आम्ही दोघं त्यावर बोलतो. यंदा शाळा उघडली तेव्हा आयकार्डाला राणी फ्रॉकचा फोटो चालत नाही म्हणून नवा काढावा लागला. शर्ट पांढराच. मीटर तिनेच गालाला धरलं. चार फोटोंमधून एक तिने निवडला आणि मला म्हणाली, ‘तुम्ही हात लावू नका.’ लावलेला नाही.

वधू-वर पानाबद्दल आपलं उत्तर छापून यावं, मी वाट बघतो.

आपला,
एक फोटो स्टुडिओवाला
महाल, नागपूर